हा गोल कुणाचा?

"मास्तर, माणसानं नाव घेतलं की भांडणं व्हत्यात. आकड्यानं घेतलं तर कोण कुणाला बोलणार?"

उदय असं म्हणाला आणि बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून माझ्याकडे बघत बसला.

उदय चौगले हा आमच्या चिंचेखालच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कप्तान. मास्तर म्हणजे माझे वडील, आप्पा. महापालिकेच्या शाळेत शिक्षक आणि तालमीचे चिटणीस. आणि आकडा म्हणजे मी. त्र्याण्णव साल होतं, डिसेंबर महिना, आणि मी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात कुणी वाणसामानाची यादी केली तरी मी तिची सरासरी काढायची, इतका तो आजार बळावला होता.

कोल्हापुरात पेठेगणिक तालीम आणि तालमीगणिक फुटबॉलचा संघ. लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्यांचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं मला पुढे पुण्यात बऱ्याच जणांनी विचारलं. मी म्हणायची, एकदा येऊन बघा. हंगाम सुरू झाला की आमच्याकडे लग्नाच्या तारखाही सामने बघून ठरत.

तर त्या वर्षी संघटनेने नवा नियम काढला होता. हंगामासाठी प्रत्येक संघाने वीसच नावं द्यायची. आमच्याकडे एकवीस होती. एकविसावं नाव उदयच्या धाकट्या भावाचं, दीपकचं. सतरा वर्षांचा होता आणि वाऱ्यासारखा पळायचा. रविवारी दुपारी बाराच्या आत यादी जायची होती. एक नाव कापायचं होतं आणि कुणाचं कापायचं हे सगळ्यांच्या मनात होतं, पण तोंडातून काढायची कुणाची छाती नव्हती.

ते नाव होतं रंगराव साळोखे. आमचा रंगामामा.

रंगामामा संघाचा स्टॉपर, म्हणजे गोलीच्या, गोलकीपरच्या, पुढे उभा राहून समोरून येईल ते अडवणारा. वय पस्तीस. सतरा हंगाम त्याने ती जागा सोडली नव्हती. उद्यमनगरात एका फाउंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर होता, लग्न केलेलं नव्हतं, आणि माझी आई, त्याची अक्का, त्याला राखी बांधायची, म्हणून तो माझा मामा. तसा तो अख्ख्या पेठेचाच मामा होता. पण अलीकडे तो पळताना बघणाऱ्यालाच धाप लागायची, हेही खरं होतं.

"करशील का गं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मला जरा पडलेला वाटला.

"करतो की!" मी म्हणाले. कोल्हापूरच्या पोरी 'मी करतो'च म्हणतात. पुण्याला नोकरी लागल्यावर मी सुधारले, म्हणजे लोक म्हणतात सुधारले.

मला त्या वेळी आनंदच झाला होता. खोटं कशाला बोलू? तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही असा रिवाज होता. त्या तालमीला माझ्यावाचून अडावं, याची मला भलतीच गंमत वाटली.

आप्पांनी ट्रंकेतून वही काढून दिली. कापडी बांधणीची लांबट वही. दर सामन्याला एक पान. अकरा नावं, गोल कुणी मारला, पास कुणी दिला, सगळं आप्पांच्या फळ्यावरच्यासारख्या देखण्या अक्षरात. आणि उजवीकडे शेवटचा एक रकाना होता. त्याचं नाव 'कुणाचा?'

हा रकाना दुसऱ्या कुठल्या संघाकडे असेल असं मला वाटत नाही. सामना झाला की संध्याकाळी सगळा संघ चिंचेखालच्या कट्ट्यावर बसायचा. आप्पा वही उघडायचे आणि आपण खाल्लेल्या प्रत्येक गोलाबद्दल एकच प्रश्न विचारायचे, "हा कुणाचा?" ज्याच्या चुकीने गोल झाला त्याने "माझा" म्हणायचं. दुसऱ्याचं नाव कुणी घ्यायचं नाही आणि कुणी कबूल केल्यावर त्याला खोडायचंही नाही. सगळे गोल कबूल होईपर्यंत चहा यायचा नाही. या नियमामुळे आमच्या तालमीत हरल्यावर कधी हाणामारी झाली नाही. बाकीच्या तालमींविषयी मी बोलत नाही.

मला तर तो रकाना म्हणजे घबाडच वाटला. खेळाडूने स्वतःच्या तोंडाने दिलेली चुकीची कबुली! एवढी प्रामाणिक माहिती आमच्या विभागप्रमुखांनी जन्मात बघितली नसेल.

संध्याकाळी मी ओसरीवर आकडे उतरवून घेत बसले होते, तेवढ्यात रंगामामा कामावरून आला. आमच्याकडे चहा प्यायल्याशिवाय तो घरी जात नसे. कपाळावर भट्टीची काळी रेघ, खिशात शेंगा.

"काय गं वैजे, वही काढलीस?"

"सगळ्यांचे आकडे काढालोय मामा. कुणामुळं संघ जिंकतोय, कुणामुळं हरतोय. रविवारी यादी द्यायची हाय न्हवं?"

"माझं बी काढणार?"

"सगळ्यांचं."

त्याने दोन शेंगा फोडल्या, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि हसला. मग वहीकडे बघत म्हणाला, "वैजे, मला म्हाईत हाय माझं वय. एवढा एकच हंगाम खेळणार हाय मी. पण तेवढा पायजे. जायाचंच हाय, तर मैदानावरनं जाऊ दे. कागदावरनं नगं."

"तू कशाला काळजी करतोस?" मी म्हणाले, आणि मला खरंच तसं वाटत होतं. माझा मामा चांगला खेळतो, मग आकडा चांगलाच येणार. आकड्याकडे मी तेव्हा देवासारखी बघत होते.

नऊ हंगामांचे सामने होते चौऱ्याण्णव. आम्ही खाल्लेले गोल ब्याऐंशी. मारलेल्या गोलाला इतके गुण, पासला इतके, 'कुणाचा' रकान्यात नाव आलं की उणे इतके, असं मी एक सूत्र बसवलं. दोन दिवस कॅल्क्युलेटरची बटणं दाबून बोट हुळहुळं झालं. बुधवारी बेरीज पुरी झाली तेव्हा मी ती पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली.

ब्याऐंशी गोलांपैकी सत्तेचाळीस गोलांपुढे एकच नाव होतं. रंगराव साळोखे. त्याच्याखालोखाल जो होता त्याचे सहा.

एक गोष्ट मात्र खटकली. नऊ वर्षांत सातच सामने असे होते की रंगामामा आजारपणामुळे खेळला नव्हता. त्या सातांत आम्ही बारा गोल खाल्ले होते. तो होता त्या सत्त्याऐंशी सामन्यांत सत्तर, म्हणजे सामन्याला एकसुद्धा नाही. निम्म्याहून जास्त गोल ज्याच्या चुकीने होतात, तो नसला की गोल दुपटीने कसे होतात? मी थोडा विचार केला आणि स्वतःलाच उत्तर दिलं, सात म्हणजे नमुना फार लहान. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. पुस्तकातलं वाक्य वेळेवर आठवलं याचा मला अभिमानही वाटला. आज ते आठवलं की स्वतःचा कान धरावासा वाटतो.

गुरुवारी संध्याकाळी सभा. मला आत येता येत नाही म्हणून सभा चिंचेखाली कट्ट्यावर घेतली, आणि मला बसायला शाळेतली खुर्ची आणली. माझ्यासाठी तालीम बाहेर आली होती. मी इस्त्रीची साडी नेसले होते.

मी नावं आणि गुण वाचत गेले. पहिला उदय. मग फॉरवर्ड पोरं, मग गोली बाबू. सगळे खूश. खालपर्यंत येताना माझा आवाज बारीक होत गेला.

"एकविसावा," मी म्हणाले आणि थांबले.

"वाच की," रंगामामाच म्हणाला. तो कट्ट्याच्या कडेला शेंगा सोलत बसला होता.

"रंगराव साळोखे. ब्याऐंशीपैकी सत्तेचाळीस."

उदय खाली मातीकडे बघत होता. रंगामामाने एक दाणा तोंडात टाकला.

"सत्तेचाळीस? मला वाटलं, असतील तीसेक," तो म्हणाला. मग सगळ्यांकडे बघून हसला. "बरोबर असणार. मास्तरांची पोरगी हाय, चुकंल व्हय? उदया, घाल दीपकला. पोरगं झकास पळतंय."

जाताना त्याने माझ्या हातात उरलेल्या शेंगा दिल्या. त्या दिवशी चहा प्यायला तो आमच्याकडे आला नाही.

घरी आईने माझं ताट वाढलं आणि पाठ फिरवून चुलीकडे बसली. आमची आई बोलली की घर दणाणायचं. ती गप्प बसली की मात्र भीती वाटायची.

"आई, मी मुद्दाम केलंय का? आकडे तसं सांगत्यात."

"असतील," ती पाठमोरीच म्हणाली. "तू चिंचेवरनं पडलीस, तवा तुझा हात धरून कोण बसलं हुतं ते आलंय का तुझ्या आकड्यात?"

"ते कसं येणार? त्याचा फुटबॉलशी काय संबंध?"

"संबंध!" आई आता माझ्याकडे वळली. "तुझे आप्पा परीक्षेच्या कामाला गारगोटीला. माझ्या पोटात तुझा भाऊ. शेजारचं पोरगं धावत स्टेडियमवर गेलं, तर हाफ टाइमला रंगा तसाच सायकल घेऊन आला. अंगात जर्सी, पायात बूट. दवाखान्याच्या फरशीवर ते बूट टकटक वाजालेत आणि ती नर्स वरडालीय. दिवेलागणीपर्यंत तुझा हात त्यानं सोडला न्हाई. संबंध विचारतीय!"

हातातला घास हातातच राहिला. मला ते सगळं आठवत होतं. बूट, नर्स, तिने माझ्या हातावर थापलेलं ओलं प्लॅस्टर. पण ते सामन्याच्या मध्यावर घडलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी उष्ट्या हाताने उठले आणि वही उघडली. पंच्याऐंशी साल, फेब्रुवारी, वेशीच्या तालमीबरोबरचा उपांत्य सामना. हाफ टाइमला आम्ही एक-शून्यने पुढे. शेवटी एक-दोनने हरलो. दोन्ही गोल दुसऱ्या अर्ध्यात. 'कुणाचा?' या रकान्यात आप्पांच्या देखण्या अक्षरात दोनदा एकच नाव होतं. रंगराव साळोखे.

आप्पा दारात उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी गारगोटीहून आलो आणि वही भरायला बसलो," ते म्हणाले. "पहिला कुणाचा? तो म्हणाला, माझा. दुसरा? तोही माझाच. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. नियम मीच केलेला. कबुली दिली की खोडायचं नाही. लिहिलं."

"आणि बाकीचे गोल?"

आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"असेच काही असतील. एखाद्या दिवशी एखादं पोरगं रडवेलं होऊन बसायचं. कुणी बोलायचं नाही, चहा पातेल्यात आटत राहायचा. मग रंगा म्हणायचा, माझा. प्रत्येकाला वाटलं, आपल्यापुरतंच घडलं. मलाही एकेक गोलच दिसला, वैजू. नऊ वर्षांत बेरीज कुणीच केली नव्हती. ती तू केलीस."

मला रडू आलं. मामाला मी भर सभेत शेवटच्या नंबरावर बसवलं होतं, आणि तेही त्याच्याच चांगुलपणाची बेरीज करून.

शनिवारी संध्याकाळी फाउंड्री सुटायच्या वेळी मी उद्यमनगरात गेले. तो फाटकातून बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वाळूने माखलेला. मला बघून आधी घाबरला.

"अक्का बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. मामा, वेशीच्या तालमीचे दोन गोल तुझे न्हवते. तू दवाखान्यात हुतास. माझ्याजवळ."

तो मोठ्याने हसला. "बरं मग?"

"मग काय? उद्या सांगतो मी सगळ्यांना."

त्याचं हसू गेलं. "काय सांगशील? कुणाचं हुतं ते? दुसऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, म्हाईत हाय न्हवं? माझ्यापायी नियम मोडायचा न्हाई."

"पण तू कशाला घेतलेस? सत्तेचाळीस!"

आम्ही सायकल धरून चालत होतो.

"हे बग," तो म्हणाला. "गोल खाल्ला की पोराला रातभर झोप लागत न्हाई. दुसऱ्या दिवशी पेठेतनं तोंड लपवून जातंय. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला येतंच न्हाई. अशी दोन पोरं गेलेली मी बघितल्यात, तू बारकी हुतीस तवा. मी दिवसभर भट्टीवर असतोय. आडवा झालो की झोप. मला लागती झोप, मग मी घेतला तर काय बिघडलं?"

त्याला वाटलं, त्याने मला पटवलं. मी घरी आले आणि आप्पांचा नियम पुन्हापुन्हा मनात घोळवला. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. कबुली खोडायची नाही. पण जो गोल झाला तेव्हा माणूस मैदानावरच नव्हता, त्याची कबुली कबुली कशी? तो गोल कुणाचाच नाही. आणि कुणाचाच नसलेल्या गोलाचं काय करायचं, हे तर नियमातच सांगितलेलं होतं.

रविवारी सकाळी सगळे पुन्हा चिंचेखाली जमले. फॉर्मवर सह्या करून बाराच्या आत द्यायचा होता. रंगामामाही आला होता, दीपकसाठी स्वतःचे बूट पुसून घेऊन. कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं पातेलं चढलेलं होतं. मी आदल्या दिवशीची चुरगळलेली साडी नेसूनच गेले आणि खुर्चीवर न बसता उभी राहिले.

"माझं एक चुकलंय," मी म्हणाले.

"वैजे, गप बस," रंगामामा म्हणाला.

"मी कुणाचं नाव घेणार न्हाई. माझ्यापुरतंच बोलणार. पंच्याऐंशी साली ह्याच चिंचेवरनं पडून माझा हात मोडला. वेशीच्या तालमीबरोबरची मॅच चालू हुती. हाफ टाइमला मामा मैदान सोडून आला आणि दिवेलागणीपर्यंत दवाखान्यात माझ्याजवळ हुता. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यातले दोन गोल त्याचे असूच शकत न्हाईत. नऊ वर्षं झाली, ते दोन गोल अजून कबूल व्हायचेत."

मी वही आप्पांपुढे ठेवली. आप्पांनी चष्मा नीट केला. मला वाटलं, ते नको म्हणतील. पण त्यांनी पान उघडलं, पेन काढलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीच्या आवाजात विचारलं, "हा कुणाचा?"

चहाला उकळी फुटली. चहा करणाऱ्या गणूने पातेल्याला हात घातला तर आप्पा म्हणाले, "थांब. नियम आहे."

चहा आटत चालला. घड्याळात साडेनऊ झाले. उदयने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रंगामामाच्या जागी त्या दिवशी मैदानात तो उतरला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांचा होता तेव्हा, आता दीपक होता तेवढाच. पहिलाच सामना.

"माझा," उदय म्हणाला.

आप्पांनी लिहिलं. "दुसरा?"

"तो बी माझा." त्याचा आवाज फुटला. "मास्तर, मला वाटलं, तेवढे दोनच. बाकीचे खरंच मामाचे असतील. आईशप्पथ, मला वाटलं तेवढे दोनच हुते."

"मला वाटलं, माझा एकच," गोली बाबू पलीकडून म्हणाला. "सत्त्याऐंशीचा. धुक्यातला."

"आणि माझा रेल्वे संघाबरोबरचा."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकेक जण उठून वहीपाशी यायचा आणि पान उलटून बोट ठेवायचा. हा माझा. हा बी माझाच. रंगामामा मध्ये पडून ओरडत होता, "आरं, काय चाललंय? सोडा की ती वही!" आणि बाबूने एका गोलावर बोट ठेवलं तेव्हा तर तो चिडलाच. "ए, तो माझा हाय! तो खरंच माझा हाय! पाय घसरला हुता माझा, अख्ख्या स्टेडियमनं बघितलंय. माझं मला राहू दे!" लोक रडता रडता हसत होते.

सत्तेचाळीसपैकी सव्वीस गोल त्या सकाळी आपापल्या मालकाकडे परत गेले. मी तिथेच कट्ट्यावर बसून सूत्र पुन्हा मांडलं, या वेळी खेळाडू मैदानात असताना किती गोल वाचले हेही धरून. रंगामामा एकविसाव्यावरून तिसऱ्यावर आला. त्याच्याशिवायच्या सात सामन्यांचा आकडा मी तेव्हा मोठ्याने वाचून दाखवला. नमुना लहान आहे, असं काही म्हटलं नाही.

यादीचा फॉर्म उदयपुढे होता. एक नाव कापायचं होतंच. त्याने पेन घेतलं आणि स्वतःच्या भावाच्या नावावर काट मारली. दीपक तोंड फिरवून तिथून निघून गेला. उदय म्हणाला, "जाईल राग. त्याला अजून लई वर्षं हायत."

त्या दिवशीचा चहा पातेल्यात अर्धा उरला होता, आणि कडू झाला होता. सगळ्यांनी प्यायला.

वही आप्पांनी माझ्याकडे दिली. यापुढे 'कुणाचा'चा रकाना मी भरायचा. मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना बजावलं, "आता खरं तेच सांगायचं. उगाच कुणी कुणाचं घ्यायचं न्हाई. न्हाईतर माझ्या आकड्यांना काय अर्थ?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

जानेवारीत पहिला सामना झाला, आणि तोही वेशीच्या तालमीशीच. मी आणि आई पहिल्यांदाच स्टेडियमवर गेलो. रंगामामा झकास खेळला. पासष्टाव्या मिनिटापर्यंत त्याने एक चेंडू मागे जाऊ दिला नाही. मग एक अगदी साधा चेंडू त्याच्याकडे आला. आसपास कुणी नव्हतं. त्याने तो मागे बाबूकडे ढकलला आणि तो अपुरा पडला. वेशीचा फॉरवर्ड मध्ये घुसला आणि गोल झाला. रंगामामा कमरेवर हात ठेवून तसाच उभा राहिला. पायात काही अडकलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं, सूर्यही डोळ्यांवर नव्हता. शून्य-एकने आम्ही हरलो, आणि का हरलो हे स्टेडियममधल्या शेंगावाल्यालासुद्धा कळलं होतं.

संध्याकाळी चिंचेखाली सगळे बसले. मी माझ्या खुर्चीवर, मांडीवर वही. रंगामामाच्या हातात शेंगा होत्या, पण तो सोलत नव्हता.

"हा कुणाचा?" आप्पांनी विचारलं.

रंगामामाने तोंड उघडलं.

"माझा," उदय म्हणाला.

"आरं ए..."

"माझा. मी मागं यायला पायजे हुतो."

"माझा," बाबू म्हणाला. "मी पुढं यायला पायजे हुतो."

"माझा," कट्ट्यामागून आवाज आला. दीपक होता. यादीत नाव नसलेला, सबंध सामना पायऱ्यांवर बसून बघितलेला दीपक. कुणीतरी फस्सकन हसलं, पण तो हसत नव्हता.

"मास्तर, हे काय चाललंय?" रंगामामा उठून उभा राहिला. "नियम हाय का न्हाई? अख्ख्या गावानं बघितलंय..."

"नियम आहे," आप्पा म्हणाले. "कबुली दिली की खोडायचं नाही. आधी उदय बोलला. वैजू, लिही."

मी पेन हातात धरून बसले. खरं तेच लिहायचं, हे मीच सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि रंगामामाही. मग मी रकान्यात लिहिलं, उदय चौगले.

ती वही आता पुण्यात माझ्या कपाटात आहे. गेली सव्वीस वर्षं मी कॉलेजात मुलांना शिकवते की नोंद चुकली की पुढचं सगळं गणित वाया. आणि माझ्या अक्षरातली अगदी पहिली नोंद धडधडीत खोटी आहे. ती दुरुस्त करावी असं मला एकदाही वाटलेलं नाही.

"लिहिलंस?" आप्पांनी विचारलं.

"लिहिलं."

"मग चहा आणा."

रंगामामा तो हंगाम पुरा खेळला, आणि मे महिन्यात शेवटच्या सामन्यानंतर मैदानावरूनच गेला. पण मला आठवतो तो त्या संध्याकाळचा मामा. चहा झाल्यावर तो आमच्याबरोबर घरापर्यंत चालत आला. आई आत गेली, आप्पा आत गेले. तो उंबऱ्याशी थांबला आणि खिशातल्या न सोललेल्या शेंगा त्याने माझ्या ओंजळीत ओतल्या.

"वैजे," तो हळू आवाजात म्हणाला, "आज मला झोप लागली नसती गं."